टांगणीला

अर्वो केट्टुनेनने आधी वजन लिहिलं,
हेलिकॉप्टर नंतर.

पोर्ट अल्बर्नीत, लाकूडगिरणीमागच्या ट्रेलरमध्ये,
दोन बोटं गेलेला हात कीबोर्डवर टेकवून
त्याने त्या जगाला सांगितलं, जिथे कशालाच वजन नसतं,
की हा ओंडका नऊ टन.
ओला असेल तर दहा.

मग सहा पाती. मग दोन इंजिनं,
टोळासारखं, पोट काढून टाकलेलं धड,
पायलटला खाली वाकून बघायला काचेचा फुगवटा,
साठ मीटरचा दोर
आणि दोराच्या टोकाला आकडा.
नुसत्या आकड्यात तीन आठवडे गेले.

एकवीस वर्षं तो तसल्या आकड्याखाली उभा होता.
देवदार पडायचा, तो साखळी आवळायचा,
वरून आकडा झुलत यायचा,
त्याला आधी जमिनीला टेकू द्यायचं,
नाहीतर पात्यांनी हवेतून गोळा केलेली वीज
दाढेपर्यंत जायची.
ती ठिणगीही त्याने घातली आहे.
निळी, डोळ्याचं पातं लवेल एवढीच.
अजून कुणी विचारलेलं नाही.

लोक विचारतात ते वेगळंच.
हे इतके झोके का खातं?
घर उचललं की उजवीकडे का ओढतं?
इतरांची यंत्रं किल्ले उचलून गिरक्या घेतात,
तुझ्याला साधी विहीर डोईजड होते.
तो एका ओळीत उत्तर देतो:
दोराला घाई कळत नाही.
आठवड्याला दोन खपतात. कधी एकही नाही.

नोव्हेंबरात नायरीचा निरोप आला.
राहणारी इन्व्हरकारगिलची, त्या जगात राखी बगळा.
भाडं थकलं होतं, महिनाअखेर तिचं बेट मिटणार होतं.
नऊ वर्षांचं बेट:
एक धक्का, एक बेकरी, आणि दीपगृह
जे तिने जोआकिमबरोबर बांधलं होतं,
ज्याचा चेहरा तिने कधी पाहिला नाही
आणि जो दोन वर्षांपूर्वी, मेमध्ये,
यायचा थांबला.

अर्वोने लिहिलं, दीपगृहावर टिचकी मार, खिशात जाईल.
नव्या जागी बाहेर काढ. पैसे पडणार नाहीत.
तिने लिहिलं, माहीत आहे.
बराच वेळ काहीच नाही. मग:
मला ते जाताना बघायचंय.

किती वजन?
दगडी आहे, ती म्हणाली, पण शून्यच असेल ना.
दगडी असेल तर शून्य कसं.
रात्रभर बसून त्याने चिऱ्याचिऱ्याला किलो दिले.
जिन्याला. भिंगाला.
वर राहून गेलेल्या खुर्चीला चार.
बेरीज दहा टन सातशे.
यंत्राची ताकद दहाची.

एक आकडा बदलला असता की झालं असतं.
त्याने बदलला नाही.
काय काढू, त्याने विचारलं, खुर्ची?
खुर्ची नको, ती म्हणाली. आणि चार किलोंनी काय होणार?
मग त्याने इंधन काढलं.
पोचण्यापुरतं ठेवलं. परतीचं नाही.

तीस तारखेला, मध्यरात्रीला वीस मिनिटं उरली असताना
दोर ताणला गेला, थरथरला,
आणि दीपगृहाने जमीन सोडली,
दिवा चालूच.
बगळा बाजूने उडत होता, जरा मागे.
वाऱ्यात दगडी बुरूज आठ अंश कलला
तेव्हा दोन टोकांना दोन माणसांचे श्वास अडकले,
तिच्या खिडकीत अजून उजेड होता,
त्याच्या खिडकीत गिरणीचा पिवळा बल्ब.
बारा वाजले. मागे समुद्र होता,
त्यात बेट नव्हतं.

नव्या खडकावर दीपगृह टेकलं, जरासं वाकडं.
राहू दे, ती म्हणाली, आणि आकडा सोडवायला धावली.
थांब! त्याने लिहिलं. आधी जमिनीला लागू दे.
आकडा खडकाला लागला.

ते निळं काय होतं? तिने विचारलं.

त्याने खुर्ची पुढे ओढली
आणि आठ बोटांनी लिहायला बसला.
सकाळचा भोंगा झाला
तरी पहिल्या देवदारापाशीच होता.